पुढच्या गाडीला

१

दर रविवारी पहाटेच्या पहिल्या एसटीनं बद्रीशेठ सोयगावला निघायचे, आणि सिल्लोड गेलं की कंडक्टर हटकून विचारायचा, "शेठ, तिथं ठेवलंय काय एवढं?"

"सायकल," बद्रीशेठ सांगायचे, आणि आजूबाजूची चार माणसं हसायची. हसणारच. संभाजीनगरात पैठण गेटच्या अलीकडं बद्रीशेठचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान, म्हणजे सायकलींना तोटा नव्हता. बाराव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानापुढं पंप घेऊन हवा भरायला बसलेला हा माणूस. इंग्रजी अक्षरं शिकला ती मालाच्या खोक्यांवरून. कान असा तयार, की एकदा एका विक्रेत्यानं त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून सात घंट्या वाजवल्या, तर बद्रीशेठनी सातही कारखाने ओळखले आणि वर सांगितलं, "चौथीची स्प्रिंग उलटी बसलीय, साहेब. तेवढी बदलून पाठवा."

त्यांची स्वतःची काळी, बावीस इंची, मागं कॅरिअरवाली सायकल मात्र सोयगावात कडुबाच्या पंक्चरच्या टपरीत असायची. कडुबा त्यांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. नऊच्या सुमारास त्याच्याकडचा चहा घ्यायचा, पाण्याची बाटली अडकवायची आणि निघायचं, जुन्या छोट्या लाईनीवर.

सोयगावच्या पलीकडं, खानदेशाच्या हद्दीला लागून, एके काळी छोटी गाडी धावायची. ती बंद पडली, मग रूळ उचलून नेले. मागं राहिली ती खडी-मुरमाची उंच पाळ. डावीकडं कपाशी, उजवीकडं केळी, मधून ही सरळ वाट. रेल्वेला चढ सोसत नाही, त्यामुळं बासष्टीतल्या गुडघ्यांनाही ती वाट सोसायची. घाई नव्हती. मनात आलं तर उतरायचं, एखाद्या शेतात हरभरा सोलत बसायचं, दुपारी परत.

आधी दुकानदारांचा सहा जणांचा ग्रूप यायचा. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एक मुलाकडं नाशिकला गेला, बाकीच्यांना रविवारी लग्नं निघायला लागली. शेवटी बद्रीशेठ एकटेच उरले. घरी तरी दुसरं कोण होतं?

२

त्या पाळेला चार ठिकाणी गाडीवाट आडवी जायची. फाटक पहिल्यापासूनच नव्हतं. लोकांची जुनी रीत अशी, की गाडीचा आवाज आला की बैलगाडीवाल्यानं खाली उतरायचं, बैलांची वेसण धरायची आणि गाडी पूर्ण जाऊ द्यायची. मग वाकून रुळाला बोट लावायचं, ते कपाळाला लावायचं आणि पलीकडं जायचं. रूळ गेले तरी रीत गेली नाही. आता म्हातारी माणसं खडीला बोट लावायची.

पौषातल्या दुसऱ्या रविवारी पिंपळझिऱ्याच्या क्रॉसिंगला दोन बैलगाड्या आणि एक मोटारसायकलवाला थांबलेले होते. बद्रीशेठना बरं वाटलं. म्हाताऱ्या सायकलवाल्याला वाट देतात म्हणजे काय! त्यांनी घंटी वाजवली, हात वर केला, "राम राम मंडळी" म्हणत पुढं गेले. शंभरेक कदम गेल्यावर बाटली नीट आहे का बघायला वळले.

माणसं तशीच उभी होती.

गाडीवाल्यानं वेसण धरलेलीच होती. मोटारसायकलवाला पाय टेकवून बसला होता. आणि त्यांच्या माना हलत होत्या. नजर हळूहळू बद्रीशेठच्या दिशेनं सरकायची, मग झटकन मागं जायची, पुन्हा सरकायची. एक डबा नजरेनं पुढं पोचवायचा आणि मागं जाऊन दुसरा घ्यायचा, अशी.

त्यांच्यामधे आणि बद्रीशेठमधे रिकामी पाळ होती. उन्हात पांढरी पडलेली खडी, कडेला बाभळीची रोपं. आणखी काही नाही.

मग गाडीवाला वाकला, खडीला बोट लावलं, बैल हाकले. बद्रीशेठनी मनाशी हिशेब केला: गप्पा मारत असतील. खेड्यातली माणसं, त्यांना कसली घाई?

पुढच्या रविवारी त्यांनी घड्याळ लावलं. ते गेल्यानंतर लोक चाळीस सेकंद थांबले. त्याच्या पुढच्या रविवारी सव्वा मिनिट. त्या दिवशी एका गाडीला कोवळा गोऱ्हा जुंपलेला होता. रूळ उचलले तेव्हा जन्मलाही नसेल. त्याचे दोन्ही कान बद्रीशेठच्या मागं काहीतरी ऐकत, नजरांसारखेच पुढं-मागं होत होते.

माणसांची सवय समजू शकते. गोऱ्ह्याला ही सवय कुणी लावली?

३

पिंपळझिरा हे संध्याचं माहेर. संध्या म्हणजे बद्रीशेठची बायको, दोन वर्षांपूर्वी गेलेली.

लग्नानंतर वर्षातून दोनदा ती छोट्या गाडीनं माहेरी जायची. परत न्यायला बद्रीशेठनी यायचं, असं दरवेळी ठरायचं, आणि दरवेळी दुकानात काहीतरी निघायचं. मग पिंपळझिऱ्यातल्या किराणावाल्याच्या फोनवर निरोप जायचा, "पुढच्या गाडीला येतो." एकदा लहानग्या लेकीला, तनुजाला, मांडीवर घेऊन संध्या स्टेशनच्या बाकावर तीन गाड्या बसून राहिली. चौथीनं एकटीच आली. भांडली नाही. लेकीला फक्त म्हणाली, "तुझा बाप इंजिन आहे, बाई. ओढायचं काम चोख. पण मागं कोण बसलंय, ते इंजिनाला कधी दिसत नसतं."

ती गेली त्या सकाळीही ते दुकानात होते. दवाखान्यातून निघताना तिला म्हणाले होते, "माल उतरवून आलोच."

म्हणून ही लाईन. एसटीतल्या लोकांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. किस्से सांगणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, न सांगितलेल्या गोष्टी कुणी विचारत नाही.

४

"शेठ, खरं सांगा, ह्या सायकलीवर काय लादून नेता?" माघातल्या पहिल्या रविवारी कडुबानं विचारलं. सायकल उलटी करून तो पाहत होता.

"माझं वजन, आणि तुझा गोड चहा. का रे?"

"मस्करी नाय. चेन बगा."

बद्रीशेठनी चेन बोटांत धरली आणि त्यांचं हसू गेलं. दिवाळीनंतर स्वतःच्या दुकानातून आणलेली चेन. दोन वर्षं बघायला नको अशी. ती बोटभर लांबली होती. कड्यांच्या पिना झिजून अंडाकृती झाल्या होत्या. मागच्या चाकाचे आरे ढिले. अशी चेन त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, सायकलरिक्षावर लोखंडी गज ओढणाऱ्या एका माणसाची.

"माल खराब आला असेल," ते म्हणाले.

"तुमच्या दुकानात? खराब माल?" कडुबा त्यांच्याकडं न बघता पाना शोधायला लागला. "शेठ, परतीला हमरस्त्यानं येत जा. डांबरी हाय, हाटेलं हायेत. काय त्या खडीत ठेवलंय?"

"तू पाहिलंयस का काही?"

"मी कशाला पाहू? माझी टपरी इकडं हाय."

त्या दिवशी नव्या चेनवर निघाल्यावर बद्रीशेठनी सायकलीकडं कान आणि पाय, दोन्ही लावले. निघताना ती जड होती. उभं राहून पायडल मारावं लागलं, गुडघे करकरले. एकदा सुटली की मात्र हलकी. इतकी हलकी, की पाय थांबवले तरी वेग उतरत नव्हता, मागून कुणी अलगद ढकलत असल्यासारखा. आवाज सगळे ओळखीचे होते: फ्रीव्हीलची टिकटिक, मडगार्डची कुरकुर, टायरखालची खडी. फक्त खडीचा आवाज जरा लांब होता. टायर पुढं गेल्यावरही तो मागं बराच वेळ चालू राहायचा.

पिंपळझिऱ्याच्या क्रॉसिंगला गोजरबाई बसलेली होती. सत्तरीची बाई, पुढ्यात बोरांची पाटी. बद्रीशेठ तिच्याकडून दर खेपेला बोरं घेत. आज सायकल पाळेवर उभी करून ते खाली उतरले, तर बाई त्यांच्याकडं बघेचना. पाळेकडं बघत होती, आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक पेर, दुसरं पेर, तिसरं.

"मावशी, काय मोजताय?"

"काय नाय. सवय हाय. पोरपणी डबे मोजायचो आमी."

"आता कुठले डबे?"

अंगठा दुसऱ्या बोटाच्या शेवटच्या पेरावर थांबला. गोजरबाईनं बोरं मापात भरली, हात आखडता न घेता वर मूठभर टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "शेठ, तुमी मधी मधी थांबत जाऊ नका. थांबलं की लोक चढत्यात."

"कोण लोक, मावशी?"

"बोरं गोड हायेत. खावा," गोजरबाई म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

५

बद्रीशेठनी हे कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगायची सोयच नव्हती.

दिवाळीच्या आधी त्यांच्याकडून गॅसवर दूध तसंच राहिलं होतं. त्यानंतर एकदा स्कूटर दुकानापुढं विसरून ते चालत घरी आले. दोन्ही गोष्टी शेजाऱ्यांनी इमानेइतबारे पुण्याला तनुजाला कळवल्या. तनुजानं अट घातली: मोबाईलवर तिला कायम दिसलं पाहिजे पप्पा कुठं आहेत, आणि आणखी एक जरी गडबड झाली तरी दुकान बंद, घराला कुलूप, मुक्काम पुण्यात. तिचा नवरा प्रणय चांगला मुलगा होता. बाराव्या मजल्यावर त्यांनी पप्पांसाठी खोलीही तयार ठेवली होती. बद्रीशेठनी ती एकदा पाहिली होती. खिडकीतून फक्त दुसऱ्यांच्या खिडक्या दिसत होत्या. तिथं संध्याची एकही वस्तू नव्हती.

अशा लेकीला काय सांगणार? की माझ्या मागं लोक काहीतरी बघतात?

तिचाच फोन आला, रविवारी संध्याकाळी.

"पप्पा, आज दमला होतात का?"

"छे. मस्त फिरलो. बोरं आणलीत."

"मग एवढं थांबलात का? पहिल्या स्टेशनला चार मिनिटं, पिंपळझिऱ्याला अकरा, पुढच्या दोन्ही ठिकाणी पाच पाच. मला इथं दिसतंय."

"पिंपळझिऱ्याला बोरं घेतली. बाकी कुठं थांबलोच नाही."

"थांबलात, पप्पा. गेल्या रविवारी पण. त्याच्या आधीच्या पण. त्याच चार ठिकाणी."

"टॉवर नसेल तिथं."

मग तनुजाचा आवाज मऊ झाला, आणि त्या मऊपणाचीच बद्रीशेठना भीती वाटली. "थांबल्याचं आठवत नाही तुम्हाला?"

त्यांनी आठवून पाहिलं. पहिलं स्टेशन: मोडका ओटा, पिंपळ, नावाची पाटी गेलेले दोन खांब. ते शेजारून गेले होते. न थांबता. टपरीवरून निघतानाच्या आणि परतल्यावरच्या घड्याळात मात्र वीसेक मिनिटं जास्त निघाली होती, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते," तनुजा म्हणाली. "डॉक्टरांची वेळ घेतलीय. सोमवारी पुण्यात. तुम्हाला एवढंच वाटत असेल, तर सकाळी एक शेवटची फेरी मारा. मी पिंपळझिऱ्याच्या क्रॉसिंगला उभी राहीन. तिथून सरळ पुणे. चिडू नका ना, पप्पा."

"चिडत नाही," बद्रीशेठ म्हणाले. "जेवून निघ."

६

शेवटच्या रविवारी कडुबानं चहाचे पैसे घेतले नाहीत. सायकल हातात देताना म्हणाला, "विकायची आसंल तर मला नको हं, शेठ. फुकट दिली तरी नको."

सकाळचं ऊन कोवळं होतं. पाळेवर चिटपाखरू नव्हतं. निघताना सायकल इतकी जड, की पहिल्या चार पायडलांना बद्रीशेठचे दात आवळले गेले. मग ती सुटली.

आज त्यांनी ठरवलं होतं, दर मिनिटाला मागं बघायचं. पाहिलं. पंधरा वेळा पाहिलं. रिकामी पाळ, एकच टायरची रेघ, आणि लांबवर तळपणारी खडी. डोळे शाबूत होते. मोटारसायकल, बकऱ्या, केळीवरची धूळ सगळं दिसत होतं. मग डोकंच गेलं असेल. तसंही बरंच होतं. डोकं गेलं असेल तर मागं काही नाही. मागं काही नाही, तर पुणे. या सौद्यात आपल्याला काय हवंय, हेच त्यांना कळेना. आयुष्यात पहिल्यांदा बद्रीशेठना भाव ठरवता येत नव्हता.

पहिलं स्टेशन आलं. त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "मी थांबत नाहीये." पायडल मारत राहिले. पिंपळ शेजारून गेला, ओटा गेला, दोन खांब गेले. घड्याळ पाहिलं. दोन खांबांमधलं वीस पावलांचं अंतर कापायला सहा मिनिटं लागली होती.

त्यानंतर त्यांनी मागं पाहिलं नाही.

पिंपळझिऱ्याच्या क्रॉसिंगला तनुजाची पांढरी गाडी दिसली. तनुजा बाहेर उभी होती, फिकट निळ्या ड्रेसमधे, ऊन लागू नये म्हणून हात कपाळाशी. शेजारी गोजरबाई, पाटी रिकामी. तनुजानं त्यांना पाहून हात हलवला. बद्रीशेठनी घंटी वाजवली. ती हसली, दोन पावलं पुढं आली.

आणि थांबली.

तिचा हात खाली आला. मान हळूहळू वळायला लागली, त्यांच्यावरून मागं. नजर पुढं सरकली, झटकन मागं गेली, पुन्हा सरकली. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर आला. लहानपणी आजीकडं, याच क्रॉसिंगला, ती अशीच मोजायची.

बद्रीशेठनी ब्रेक दाबला. सायकल तिच्यापासून चार हातांवर थांबली. मागची खडी थांबायला मात्र वेळ लागला.

"तनू. काय बघतेस?"

"थांबा ना, पप्पा," ती म्हणाली. आवाज पाच वर्षांच्या पोरीचा. "अजून येतेय."

"काय येतंय? तनू, इकडं बघ. माझ्याकडं बघ."

अंगठा थांबला. नजर एका जागी थांबली, बद्रीशेठच्या डाव्या खांद्याच्या मागं, जमिनीपासून पुरुषभर उंच. खिडकीत बसलेल्या माणसाकडं बघताना थांबते तशी. तनुजाचे डोळे भरून आले आणि ती खुदकन हसली.

"आई," ती म्हणाली. "अगं, केव्हापासून बसलीयस तू इथं?"

बद्रीशेठनी वळून पाहिलं. खडी होती. ऊन होतं. बाभळीच्या रोपावर एक चिमणी बसली होती. संध्या ज्या बाजूला होती, त्या बाजूला त्यांना चिमणी दिसत होती.

"कुठल्या खिडकीत, तनू?" त्यांनी विचारलं. "काय नेसलीय?"

तनुजा पाळ चढून वर आली, मागं त्यांच्या सायकलीला लागून. ओढणी सावरली. डावा हात उंच करून तिनं हवेत काहीतरी धरलं, बोटं वळली, मूठ घट्ट झाली. मग उजवा पाय उचलला, हातभर वर, आणि ठेवला. पाय ठेवला तिथं काही नव्हतं. पण तो तिथं टेकला.

गोजरबाई खालून ओरडली, "शेठ! थांबू नका म्हनलं होतं ना मी!"

तनुजाची डावी टाच खडीवरून सुटली. मग बोटंही सुटली. आणि बद्रीशेठची लेक जमिनीपासून हातभर वर, कशावर तरी, दोन्ही पायांवर उभी राहिली.

गाडी थांबली की लोक चढतात. निघाली की नाही.

बद्रीशेठ पायडलवर उभे राहिले. सगळं वजन उजव्या पायावर टाकलं. सायकल हलेना. चेन ताणून आवाज करायला लागली, तो आवाज त्यांना पाठ होता, तुटायच्या आधीचा. त्यांनी दात आवळले, देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी घंटी वाजवली, एकदा, दोनदा. मागं लांबवर कुठंतरी धक्क्यांची एक ओळ उठली, एकापाठोपाठ एक, अगदी शेवटपर्यंत गेली. सायकल सुटली.

मागं खडीवर काहीतरी पडलं. मग दोन चपलांचा आवाज. दोन्ही.

"पप्पा!" तनुजा रडत होती. आवाज मागं राहत होता, म्हणजे ती जमिनीवर होती. "पप्पा, थांबा! आई हात करतेय मला! मला येऊ द्या!"

बद्रीशेठनी मागं पाहिलं नाही. पाहून दिसणार काय होतं?

"पुढच्या गाडीला!" ते ओरडले. आवाज फाटला. "पुढच्या गाडीला ये, तनू!"

खिशात फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तो घ्यायचा तर सायकल सावकाश करावी लागली असती. पाळ सरळ होती, चढ नव्हता, आणि ही लाईन पुढं कुठं संपते हे त्यांनी इतक्या रविवारांत कधी पाहिलं नव्हतं. एकदा त्यांना वाटलं, मागून कुणीतरी ओळखीचं, अगदी हलकं हसलं. मडगार्डही तसाच आवाज करायचं.

पुढच्या क्रॉसिंगला दोन बैलगाड्या होत्या. बद्रीशेठ अजून लांब होते, तरी गाडीवाले केव्हाच खाली उतरले होते आणि वेसणी धरून उभे होते.